पावसाळ्यात विक्री बंद

रहिमतपूर,
१६ जून २०२५

श्री. दस्तगीर बाबालाल पिंजारी, सांगली, यांस,

हे पत्र कामाचे आहे, ख्यालीखुशालीचे नाही. फोन केला असता, पण माझा नंबर तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला मी ओरडायला लागेन हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. कागदावर माणसाला ओरडता येत नाही.

काम असे. आपल्या, म्हणजे आमच्या, घोंगडीच्या दुकानाची वेबसाइट तेरा वर्षांपूर्वी तुझ्या अर्शियाने कॉलेजात शिकत असताना करून दिली. तिची किल्ली, म्हणजे आत शिरायचा पासवर्ड, तुम्हा बापलेकीकडेच राहिला. सात वर्षांपूर्वी तू भागीदारी टाकून दुकानातून उठून गेलास, तेव्हा तो मागायचे माझ्या ध्यानात आले नाही. दुकानाच्या पाटीवर आता नुसते 'मासाळ' आहे. साइटवर मात्र अजून 'मासाळ-पिंजारी घोंगडी भांडार' असेच झळकते.

माझ्या विश्वजितला हे खपत नाही. तो आता चाळिशीला आला, धंदा तोच बघतो. त्याचे म्हणणे, साइट म्हातारी झाली. मोबाइलवर उघडली की फोटो एकमेकांवर चढतात, अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि वरच्या बाजूला 'असुरक्षित' अशी सूचना येते. जणू आत कुणी चोर बसला आहे. त्याने शिरवळहून साइटी बांधणारा एक जण बोलावला आहे, वीरधवल नावाचा. जुनीच डागडुजी करून चालवायची, की मोडून नव्या नावाने नवी बांधायची, हे दसऱ्याच्या आत ठरवायचे आहे. फर्म माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागते.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. दरवर्षी मृग लागला की साइटवरचे 'विकत घ्या' हे बटण नाहीसे होते आणि दसऱ्यानंतर आपोआप परत येते. आपोआप काही होत नसते, दस्तगीर. लोकांना घोंगडीची आठवण व्हायच्या दिवसांतच आमचे दुकान कोण बंद करते? विश्वजितने मला गेल्या आठवड्यात हे सांगितले. इतकी वर्षे का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाला, "तुमच्या दोस्ताचं नाव काढलं की तुम्ही जेवत नाही, आप्पा."

किल्ली पाठवून दे. आठ दिवसांत.

आप्पासो बिरा मासाळ

ता. क. साइटवर प्रत्येक घोंगडीखाली मी रचलेल्या दोन-दोन ओळी होत्या. त्या अजून आहेत का, हे मी विचारत नाही.


रहिमतपूर,
२९ जून २०२५

दस्तगीर,

आठाचे तेरा दिवस झाले. पोस्टमन रोज दारावरून जातो आणि माझ्याकडे बघत नाही.

उत्तर मात्र तू दिलेस. काल विश्वजितने मोबाइल पुढे धरला. साइटच्या कपाळावर नवी ओळ आहे: 'पावसाळ्यात विक्री बंद. खळ वाळत नाही.' विश्वजितचा चेहरा लाल झाला होता. मला हसू आले, ते मी दाबले, आणि मग मला राग आला. विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात आणि ती कडक उन्हात वाळवतात, हे तू मला सांगतोस? माझ्या बापाने माण तालुक्यात मेंढरे राखली. तू लोकर पिंजणाऱ्याच्या घरातला. ऊन-पावसाचे तू मला शिकवू नकोस.

वीरधवल येऊन गेला. बत्तीस-तेहतिशीचा असेल. चहा नको म्हणाला, पाणी नको म्हणाला, पायातले बूट बाहेर ओळीत काढून ठेवले. इतक्या सभ्य माणसावर माझा विश्वास बसत नाही. किल्लीशिवायही वाचता येते अशी कसलीशी नोंद त्याने उघडून दाखवली. साइटच्या आत कोण, कधी, कुठून शिरले ते सगळे त्यात उमटते म्हणे. अर्शियाने जुन्या साइटीत एवढे तरी बरे करून ठेवले आहे.

"काका, हे बघा. रोज सकाळी साडेदहा ते साडेअकरा. ठिकाण सांगली. रविवारसुद्धा."

"रोज?"

"मधे तीन दिवस नाहीत. गेल्या वर्षी मार्चमध्ये."

त्या तीन दिवसांत तू कुठे होतास? आजारी होतास का? पण हे मी विचारायला बसलेलो नाही. मी विचारतो ते असे की, ज्या दुकानाशी तुझा संबंध उरला नाही, त्या दुकानात तू सात वर्षे रोज एक तास काय करतोस? गिऱ्हाइकांची नावे उतरवून घेतोस? सांगलीत दुसरे दुकान थाटले आहेस?

वीरधवलने माझ्या ओळींवर बोट ठेवले. "हे काढावं लागेल, काका. वाचायला कुणाला वेळ नसतो." मी म्हटले, काय लिहिले आहे ते वाच तरी. त्याने वाचले:

काळ्या ढगाखाली काळी घोंगडी, थेंब थांबले दारी;
आत एकला मेंढपाळ, पण ऊब बसली शेजारी.

वाचून त्याने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "चांगलं आहे. पण मोठं आहे."

आपल्या पाचवीच्या वर्गात खिडकीबाहेर शेवग्याचे झाड होते, आठवते का? गुरुजी कविता म्हणायला उभे करायचे ते जोडीने. ओळीचा पहिला अर्धा मी उचलायचा, दुसरा तू. मी नेहमी घाईत पुढे पळायचो आणि तू शेवटचे दोन शब्द असे सावकाश ठेवायचास, पाण्याने भरलेली घागर खाली ठेवावी तसे. तेव्हापासून मला कोणतीही कविता अर्धीच पाठ असते. बाकीची तुझ्याकडे आहे.

हे खोडावे असे वाटले, पण शाईने लिहिले आहे. वाचू नकोस.

आप्पासो


रहिमतपूर,
१४ जुलै २०२५

दस्तगीर,

नवे ऐक आणि तुझा यात हात असेल तर तसे कळव.

वीरधवल काल एकटाच आला. विश्वजित कोरेगावला गेला होता. मी म्हटले, बैस. या खेपेला त्याने चहा घेतला, म्हणून मी जास्तच सावध झालो. तो म्हणाला, "काका, खरं सांगू का? नवी बांधली तर माझा फायदा आहे. पण तुमची जुनी मोडायचं काही कारण नाही. सुरक्षेचा कागद नवा घेऊ, मोबाइलवर नीट दिसेल असं करू, पैसे भरायची सोय बसवू. महिन्याभरात उभी राहते. सांगाडा ज्यांनी केला त्यांनी मनापासून केलाय."

"मग विश्वजितला नवी का हवी?"

"ते त्यांनाच विचारा." मग तो म्हणाला, "आणि हे सांगलीचे जे कोण रोज आत येतात ना, ते प्रत्येक घोंगडीला वेगळा क्रमांक देतात. कुठल्या लोकरीची, किती दिवस लागले, कुणी विणली, सगळं लिहितात. गेली की फोटोवर 'गेली' असं लिहितात. दुसरा कुणी असता तर एकच फोटो लावून शंभर विकल्या असत्या. असा माणूस पगार देऊन मिळत नाही."

आपल्या तोंडचा घास असा दुसऱ्याला कोण देतो? शिरवळच्या माणसाला सांगलीच्या माणसाचा एवढा पुळका का? मला वाटते तू त्याला फिरवलेस. अर्शिया पुण्याला याच कामात आहे, तिची आणि याची ओळख असणार. मी सरळ विचारले. तो म्हणाला, अर्शिया कोण? त्याने 'कोण' इतके चटकन म्हटले की मला ते खोटेही वाटले आणि खरेही.

संध्याकाळी मी विश्वजितला म्हटले, डागडुजी करू, नवी कशाला? तो जेवता जेवता थांबला.

"आप्पा, जुनी ठेवली तर कुलूप त्याच्याच हातात राहतंय. त्यानं चार महिने दुकान बंद करायचं आणि आपण बघत बसायचं? नवीला नवं नाव, नवं कुलूप. पावसाळ्यातलं गिऱ्हाईक मी व्हॉट्सअ‍ॅपवर सांभाळतोय म्हणून घर चाललंय. तुम्ही सही करा फक्त."

पटण्यासारखे बोलला. मी पुढे काही विचारले नाही. आमटी गार झाली होती.

एक सांगतो. तुझी धनुकली, लोकर पिंजायची ती, अजून मागच्या खोलीत खुंटीला आहे. तिची तात, आतड्याची ती दोरी, तुटली आहे. तू गेलास त्याच दिवशी तुटली की नंतर, ते मला माहीत नाही. पूर्वी तू पिंजायला बसलास की दुकानात तुणतुणे वाजते आहे असे वाटायचे आणि त्या ठेक्यावर मला ओळी सुचायच्या. सात वर्षांत मी एकही ओळ लिहिलेली नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, झाले ते सांगतो.

आप्पासो


रहिमतपूर,
२ ऑगस्ट २०२५

दस्तगीर,

तुझा हेर सापडला.

मी हरणाबाईकडे गेलो होतो. वय झाले तरी तिच्याइतकी घट्ट वीण या भागात कुणाची नाही, हे तुला सांगायला नको. मनात होते की तिला एक गोष्ट विचारावी आणि परत यावे. ती पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मागाच्या खड्ड्यात पाणी झिरपले होते, वर पोते टाकलेले. मी म्हटले, हरणाबाई, माग कधीपासून बंद?

"रोहिण्या संपल्या तवापासनं. आवं आप्पा, सरावणात खळ वाळतीय व्हय? वली घोंगडी गुंडाळून दिली तर आठ दिसात कुबट वास मारतीया. तुमीच आमास्नी सांगायचा, आन तुमीच इसारला?"

"मग पावसाळ्यात दुकानातून घोंगड्या जातात त्या कुणाच्या?"

तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकले. माझ्याकडे बघितले नाही.

"त्ये मला इचारता? मी चार म्हयनं हितं शेंगा फोडतीया. तुमचं पोरगं कुणाची घोंगडी इकतंय त्ये त्येला इचारा. लय वर्सं झाली इचारायला."

आणि मग तिने आपण होऊन सांगितले. मागावरून एक घोंगडी उतरली की ती तुला फोन करते. रंग सांगते, पट्टी सांगते, जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, लोकर किती ते सांगते. तिच्या पुतण्याकडून फोटो पाठवते. तू तो साइटवर चढवतोस. मागणी आली की तीच घोंगडी, तिचाच क्रमांक शिवून, ती स्वतः बांधून पोस्टात टाकते. दुकानाला नुसता हिशेब येतो. सात वर्षे हे चालले आहे आणि मला वाटत होते साइट आपली आपण चालते.

मी म्हटले, "मला का नाही सांगितलं?"

"दस्तगीरभाऊ म्हनले, न्हाई सांगायचं. आप्पाला कळलं तर त्यो रागानं बंद करंल, आन तुजा माग बसंल." मग हसली. "तुमी दोगं म्हातारं झाला, पर साळंतली भांडनं काय सुटली न्हाईत."

मी येताना चालत आलो. गाडीवर बसावेसे वाटले नाही. आता तू विचारशील, घरी जाऊन विश्वजितला विचारलेस का? नाही. तो दुकानात होता, मी समोरून गेलो आणि घरी येऊन झोपलो. दुपारी झोपलो, मी, जो दुपारी कधी झोपत नाही.

आप्पासो


रहिमतपूर,
९ ऑगस्ट २०२५

दस्तगीर,

आज विश्वजित सातारला गेला तेव्हा मी दुकानामागच्या गोदामाची किल्ली घेतली. स्वतःच्या गोदामात चोरासारखा शिरलो.

गठ्ठे होते. पंचवीस-तीस. वरचा सोडला. काळी, मऊ, एकसारखी. फार एकसारखी. हरणाबाईच्या घोंगडीत एका हाताचा कंटाळा दिसतो, दुसऱ्या दिवशीचा हुरूप दिसतो. हिच्यात कुणाचा हातच नव्हता. मधोमध दोन पट्ट्या जोडल्याची शिवण असते, तीही यंत्राने नुसती काढलेली होती, जोडायला काही नसताना.

मी मांडीवर ती अंथरली आणि तांब्यातले पाणी ओतले. तू गिऱ्हाइकापुढे करायचास तसे. आपल्या घोंगडीवर थेंब उभे राहतात, मण्यांसारखे. हिच्यातून पाणी सरळ खाली गेले आणि माझे धोतर भिजले. मग काठाचा दोरा ओढून पेटवला. केस जळल्याचा वास येतो का म्हणून नाक पुढे केले. नाही आला. प्लास्टिकचा आला. बोटावर काळी, कडक गोळी झाली. ती अजून माझ्यापुढे टेबलावर आहे.

हेच तू केले होतेस. सात वर्षांपूर्वी, श्रावणातच, भर दुकानात. पुण्याचे एक जोडपे घोंगडी बघत होते आणि तू त्यांच्या हातातली घेऊन दोरा पेटवलास. म्हणालास, "आप्पा, ही लोकर न्हाई गड्या." हळू म्हणालास. मला बाजूला घेऊन सांगितल्यासारखेच. पण त्यांनी ऐकले. विश्वजित गल्ल्यावर होता, तो खाली बघायला लागला.

आणि मी काय म्हणालो, ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. विचारले तर 'व्यवहारात बिनसले' एवढेच सांगतो. आज लिहितो. मी म्हणालो, "लोकर पिंजाऱ्याच्या हातनं जाते. मिसळ झाली असेल तर ती तिथंच झाली असेल."

धनुकली खुंटीला अडकवलीस, चप्पल घातलीस, त्या बाईंना वाट द्यायला जरा बाजूला झालास आणि गेलास. पन्नास वर्षांची मैत्री, आणि माणूस जाताना गिऱ्हाइकाला वाट देतो.

मला तेव्हा माहीत नव्हते, दस्तगीर. मला खरेच वाटले होते की तू.

आप्पासो


रहिमतपूर,
२५ ऑगस्ट २०२५

दस्तगीर,

मागच्या पत्राचा शेवट खोटा आहे. फाडून टाक.

मी विश्वजितला विचारले. ती गोळी त्याच्यापुढे ठेवली. तो चिडला नाही, याचेच मला भय वाटले. खुर्ची ओढून शांतपणे बसला.

"आप्पा, चार महिने माग बंद. दुकानात दोन माणसं पगारावर. लोक विचारतात, आज पाठवा म्हणतात. दसऱ्यापर्यंत कोण थांबतंय? गिरणीचा माल बाहेरच्या राज्यातनं येतो, फोटो हरणाबाईच्या घोंगडीचा लावायचा, संपलं. सगळेच करतात."

"आणि दस्तगीरवर आळ आला तेव्हा तू गल्ल्यावर बसून होतास."

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितले. "मी बसून होतो. पण आळ मी नव्हता घेतला. पहिला गठ्ठा आला तेव्हा तुम्ही त्याच्यावर हात ठेवला होता, आप्पा. चार बोटं फिरवली होती. मेंढरात वाढलेला माणूस. तुम्हाला कळलं नसेल? मी तुमच्या तोंडाकडं बघत होतो. तुम्ही म्हणालात, छान मऊ आहे. मी समजलो, चालतंय."

चार बोटे. त्याने बोटांची संख्यासुद्धा लक्षात ठेवली आहे.

कळले होते, दस्तगीर. हात ठेवताक्षणी कळले होते. पोराने पहिल्यांदा स्वतःच्या अकलेने माल आणला होता आणि मला त्याचा हिरमोड करायचा नव्हता. मग दोन आठवड्यांनी तू दोरा पेटवलास आणि पोरगा किंवा तू, असे दोघेच उरलात. मी तुला निवडले. तूच केलेस असे वाटले म्हणून नाही. तू सोसशील म्हणून.

सात वर्षे मी सगळ्यांवर संशय घेतला, तो एवढी एक जागा झाकायला.

आता कामाचे. वीरधवलला निरोप दिला आहे: नवी साइट बांधायची नाही. जुनी दुरुस्त करायची. नाव तेच राहील, 'मासाळ-पिंजारी'. दुकानाच्या पाटीवरही पुन्हा लिहून घेतो. किल्ली मी मागितली होती, ती पाठवू नकोस. तुझ्याकडेच राहू दे. विश्वजित आठ दिवस माझ्याशी बोललेला नाही. पावसाळ्यात घर कसे चालवायचे ते आता तुम्हीच सांगा, एवढे म्हणाला होता. गठ्ठे मात्र त्याने काल परत पाठवायला काढले, माझ्या देखत, दारे आपटत.

सोबतचा मजकूर साइटच्या पहिल्या पानावर चढव. हे तुझ्याशिवाय कुणाला करता येत नाही.

'२०१८ पासून मृग ते दसरा या दिवसांत आमच्याकडून ज्यांनी घोंगडी घेतली, त्यांनी काठाचा एक दोरा जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर घोंगडी लोकरीची. काळी गोळी झाली तर ती गिरणीची आहे, आमच्याकडून फसवणूक झाली आहे. आम्हाला कळवावे. दसऱ्यानंतर मागावरची घोंगडी पाठवू. हे दुकानातल्या एका भल्या माणसाने तेव्हाच सांगितले होते. मी त्यालाच खोटे ठरवले. आप्पासो मासाळ.'

या घोंगड्या बदलून देता देता मी संपेन बहुतेक. हरणाबाई म्हणते, "संपा की. पर माग चालू ऱ्हाईल."

चढवशील का नाही, मला माहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर चढवला नसता. पत्र लिहिणाऱ्याला आधी सहा महिने ताटकळत ठेवले असते.

तुझा,
आप्पा


रहिमतपूर,
५ ऑक्टोबर २०२५

दस्त्या,

मजकूर चौथ्या दिवशी लागला. भिंग घेऊन वाचला. आता अक्षरे मोठी झाली आहेत, तरी भिंग घेतले.

दुसऱ्याच्या लिखाणात हात घालायची तुझी सवय जुनी. शेवटची दोन वाक्ये तू कापलीस. भला माणूस, खोटे ठरवले, ते सगळे गेले. मी तीन दिवस घालवून ती वाक्ये बसवली होती. का कापलीस? मोठेपणा दाखवायला? का त्या पुण्याच्या जोडप्याने वाचावे असे तुला वाटत नाही? तुझ्या मनात काय चालते ते मला पाचवीपासून कळलेले नाही.

पाकिटे यायला लागली. मला वाटले होते लोक गठ्ठे परत फेकतील. तसे नाही. लोक पाकिटातून गोळ्या पाठवतात. नाशिक, वर्धा, बेळगाव, ठाणे. कागदात गुंडाळलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी काळी गोळी आणि खाली पत्ता. काल चौतिसावी आली. एका बाईने लिहिले आहे, 'गोळी झाली, पण माझ्या मुलीला हिच्याशिवाय झोप येत नाही, म्हणून ही परत देणार नाही, दुसरी मात्र पाठवा.' मी 'हो' कळवले. काय करणार?

एका पाकिटात राख निघाली. २०१९ च्या श्रावणात घेतलेली. म्हणजे त्या पावसाळ्यात एक तरी लोकरीची गेली होती. मी विश्वजितपुढे ते पाकीट ठेवले. तो पाकिटावरचे नाव वाचून म्हणाला, "ते शिक्षक होते. आजारी वडिलांसाठी मागितली होती. मी हरणाबाईची ठेवणीतली पाठवली." महिनाभराने हे त्याचे पहिले सरळ वाक्य. मग त्याने पाकिटांवरचे पत्ते वहीत उतरवायला घेतले. अजून मला पूर्ण विश्वास नाही. त्याचाही माझ्यावर नसणार.

हरणाबाईचा माग आठवड्यापूर्वी सुरू झाला. खड्ड्यातले पाणी आटले, ऊन कडक आहे, अंगणात खळ लावलेली पहिली घोंगडी ताणून ठेवली आहे. काल सकाळी साडेदहाला मी मोबाइल घेऊन बसलो. दहा एकतीसला साइटवर 'विकत घ्या' परत आले. तू तिकडे बोट टेकवलेस आणि इकडे ते उजळले. मी मोठ्याने 'आला' म्हणालो, तर घरातल्यांना वाटले पाहुणे आले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो ते. मजकुराखाली मी माझे एकट्याचे नाव लिहून पाठवले होते. साइटवर दोन आहेत: 'आप्पासो मासाळ, दस्तगीर पिंजारी'. दोन दिवस मी यात तुझा डाव शोधत होतो. तुझी काही चूक नव्हती, सही कशाला केलीस?

मग खाली ती काळी घोंगडी दिसली, माझ्या दोन ओळी दिसल्या. 'दारी' ला यमक सापडत नव्हते म्हणून मी आठवडाभर दुकानात फेऱ्या मारत होतो आणि तू लोकर पिंजता पिंजता, वर न बघता, 'शेजारी' म्हणाला होतास. तेरा वर्षे त्या ओळींखाली 'आप्पासो मासाळ' एवढेच आहे. कवितेखाली मी एकट्याचे नाव घातले, आणि चुकीखाली तू दोघांचे.

ओळींखालचे नाव दुरुस्त कर. किल्ली तुझ्याकडे आहे.

धनुकलीला नवी तात आणून ठेवली आहे. मी बसवणार नाही, मला ती ताणायची किती ते कळत नाही. मिरजेहून पुण्याकडे जाणारी दुपारची गाडी रहिमतपूरला थांबते. साडेअकराला तुझे काम उरकले की नीघ. स्टेशनवर मी उभा असेन. ओळखलेस तर ठीक, नाहीतर पहिला अर्धा मी म्हणेन.

आप्पा